शांततेविषयी किमान दोनशे शब्द

भोंगेकाकांचं आडनाव भोंगे नव्हतं. बसस्थानकावर उभं राहून एकतीस वर्षं त्यांनी गाड्या सुटण्याच्या घोषणा केल्या, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं तिथला ध्वनिक्षेपक बंद पडलेला असताना केल्या. प्रवाशांपैकी एकालाही फरक जाणवला नाही. मग लोकांनी ठेवलेलं नाव चिकटलं आणि मूळ आडनाव सरकारी कागदांपुरतं उरलं.

निवृत्त झाल्यावर ते तीन महिने घरी बसले. घरी बसले म्हणजे घरी बोलले. सकाळी दूधवाल्यापाशी सुरू व्हायचं ते उशीला डोकं टेकेपर्यंत, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतरही. चौथ्या महिन्यात तिने वर्तमानपत्रातला एक चौकोन कापून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. गावाच्या कडेला बेवारशी कुत्र्यांचा निवारा होता, तिथे स्वयंसेवक हवा होता, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. काम कोणतं आहे ते तिने वाचलंच नव्हतं. तिने फक्त वेळ वाचली होती.

निवाऱ्यात मात्र काकांच्या जिभेचं सोनं झालं. येईल त्या माणसाच्या गळ्यात कुत्रं मारायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. पंक्चरचं दुकान कुठे आहे एवढंच विचारायला फाटकातून आत आलेला एक माणूस तासाभराने बाहेर पडला तेव्हा त्याच्या एका हातात पंक्चर सायकल होती आणि दुसऱ्या हातात एका डोळ्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याची साखळी. जाताना तो आभार मानून गेला. तीन पायांचं, बहिरं, चप्पल खाणारं, कुठलंही कुत्रं असो, काकांनी तोंड उघडलं की त्याचे गुणच गुण दिसायला लागायचे.

एका कुत्रीपुढे तेवढे त्यांनी हात टेकले. तिला सगळे दचकी म्हणत.

मातकट रंग, किडकिडीत अंग, एक कान कायम मागे मुडपलेला. भंगाराच्या एका आवारात पत्र्याची शेड पाडत होते, तिथे पडलेल्या पत्र्यांखाली ती दोन दिवस अडकून पडली होती. बाहेर काढली तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. जे काही व्हायचं ते आत झालं होतं. भांडं ठेवलं की दचकायची, कुलपात किल्ली फिरली की दचकायची, कोणी शिंकलं तर दिवसभर जेवायची नाही. आणि सगळ्यात जास्त दचकायची ती काकांच्या आवाजाला. काका फाटकापाशी नमस्कार म्हणाले की पन्नास पावलांवरच्या आपल्या जाळीत ती भिंतीला अशी चिकटायची, की जणू विटांत शिरायला जागा शोधते आहे.

काकांच्या हे फार जिव्हारी लागलं. आयुष्यात त्यांचं बोलणं ऐकून कंटाळलेले पुष्कळ भेटले होते, घाबरलेलं कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी कुजबुजून पाहिलं. पण काकांची कुजबुज म्हणजे दुसऱ्या कोणाची सभा. शेजारच्या जाळीतली आठ कुत्री उठून उभी राहिली. वास्तविक पाहता कुत्र्यांना तोटा नव्हता, दचकीचा नाद सोडून देता आला असता. पण काकांचा तिच्यावर जीव जडला होता, आणि जीव जडायला समोरच्याची संमती लागत नाही. रोज संध्याकाळी निघताना ते लांबूनच तिच्याकडे बघत, आणि तोंडावर आलेलं सगळं तसंच घेऊन घरी जात. मग ते बायकोला ऐकावं लागे.

हे असंच चाललं असतं, पण निवारा चालवणाऱ्या समितीचा एक नियम होता. वर्षभरात ज्याला घर मिळालं नाही ते कुत्रं मोठ्या आवारात पाठवायचं. मोठं आवार म्हणजे गावाबाहेरचं कुंपण घातलेलं मैदान, तिथे दोनशे कुत्री, आणि दोनशेही एकमेकांशी एकाच वेळी बोलणारी. दचकीचं वर्ष महिनाअखेरीला भरत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की मोठ्या आवारात ही खाणं सोडेल आणि पंधरा दिवसही काढणार नाही. हिला शांत घर हवं. एखाददुसरं माणूस, पोरंबाळं नकोत, दारावर घंटा नको, मोठ्याने हसणं नको. एवढं ऐकल्यावर काकांनी महिनाभरात शांत घर शोधून दाखवायचं मनावर घेतलं, आणि काकांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती साऱ्या गावाला कळायची.

इथे समिती म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. अध्यक्षबाई, चिटणीस, खजिनदार आणि दोन साधे सभासद. या दोघांना हुद्दा नव्हता, म्हणून ते सगळ्यांत जास्त बोलत. दर आठवड्याला बैठक, बैठकीत चर्चेचं गुऱ्हाळ, आणि शेवटी पुढच्या बैठकीची तारीख. शांत घराची मागणी आली तेव्हा समितीने ती फार गांभीर्याने घेतली आणि गावभर ध्वनिवर्धक फिरवायचं ठरवलं. टेम्पोवर दोन कर्णे बांधले, पुढच्या सीटवर काकांना बसवलं, आणि सलग तीन दिवस सकाळपासून दुपारपर्यंत गावाने ऐकलं की एका घाबरट कुत्रीसाठी शांत घर हवे आहे. ज्यांची घरं खरोखर शांत होती त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. अर्ज आले ते ज्यांना असल्या आवाजाचं काही वाटत नव्हतं त्यांचे.

पहिले होते मौनसाधनेचे वर्ग घेणारे एक गृहस्थ. काका घर पाहायला गेले तेव्हा गृहस्थांनी त्यांना गादीवर बसवलं आणि शांततेचे सात प्रकार समजावून सांगितले. सव्वा तास. मध्ये दारातल्या घंटा वाऱ्याने किणकिणत होत्या, कुठेतरी बासरीची ध्वनिफीत चालू होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांना मध्ये एक शब्द घालायला फट सापडत नव्हती. बाहेर पडल्यावर ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना दाढी करून घेतली, केवळ कोणाशीतरी बोलायला मिळावं म्हणून.

दुसरं जोडपं होतं. आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं आणि ते खरंच होतं, कारण दोन वर्षांपासून नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हते. जे सांगायचं ते कपाटाच्या दारांतून सांगत. अर्ध्या तासात कपाट अकरा वेळा आपटलं. मधूनच बायको काकांना म्हणायची की त्यांना सांगा, कुत्रं आलं तर फिरवायला त्यांनी न्यायचं. आणि तो तीन फुटांवर बसलेला नवरा काकांना म्हणायचा की तिला सांगा, ऐकलं. मग निवृत्त मुख्याध्यापकांचं घर. तिथे सून आणि नातवंडं चवड्यांवर चालत होती आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं, कारण जरा खुट्ट झालं की मुख्याध्यापक शांतता राखा म्हणून असे गरजत की काकांनासुद्धा घशाचं कौतुक वाटलं.

असे चौदा उंबरठे झिजवून काका परत आले तेव्हा महिन्याचे बारा दिवस उरले होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याच आठवड्यात बाइंडर आला. त्याचा दचकीशी काही संबंध नव्हता. समितीची चाळीस वर्षांची ठरावबुकं सुटी झाली होती, पानं गळत होती, आणि समितीला इतर कशाची नाही तरी आपल्या ठरावांची काळजी होती. बुकं आवाराबाहेर न्यायची नाहीत असा एक ठराव त्याच बुकांत असल्यामुळे बाइंडरलाच तिथे बोलावलं. पन्नाशीचा, एकटा, बोटांना खळ लागून लागून नखांच्या कडा पांढऱ्या झालेल्या. जाळ्यांच्या ओळीसमोरच्या ओसरीवर, बरोबर दचकीच्या समोर, त्याने सतरंजी पसरली, दोऱ्याला मेण लावलं आणि सुट्या पानांची जुजबंदी शिवायला बसला. दिवसभरात त्याने दोन वाक्यं उच्चारली. एकदा पाणी मागितलं आणि एकदा मिळाल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दचकी भिंत सोडून दोन पावलं पुढे आली. सुई कागदातून जाते, दोरा ओढला जातो, सुई पुन्हा जाते. ती मान हलवून ते बघत होती. काका कोठीच्या दाराआडून पाहत होते. तिसऱ्या दिवशी ती जाळीला टेकून बसली. मग आडवी झाली. मग तिने डोळे मिटले. वर्षभरात दचकीला झोपलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

काकांना आनंद आवरला नाही. अगं बाई, झोपली, असं ते म्हणाले, म्हणजे साधारणपणे सहा वाजून दहा मिनिटांची गाडी सुटते तसं म्हणाले. दचकी जागच्या जागी हातभर उडाली, पाण्याचं भांडं उलटलं, ती भिंतीवर आपटली आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातून बाहेर आली नाही. बाइंडरने शिवणं थांबवून काकांकडे पाहिलं. रागावला नाही, नुसतं पाहिलं, आणि पुन्हा सुई उचलली. काकांना कोणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी इतकी लागली नसती.

त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं: समितीचं चुकलं, कर्ण्यांचं चुकलं, मुख्याध्यापकांचं तर फारच चुकलं. बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शांत घरासाठी गावभर फिरताय. ती आत्ता जिथे राहते, तिथे सारखं बोलतं कोण?"

काका गप्प बसले. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं; चार मिनिटं झाली होती. तेव्हा तिने निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी बाइंडरला गाठलं. दचकीला घरी न्याल का, हे विचारायला मनात मोठं भाषण तयार होतं, पण त्या माणसासमोर ते अर्ध्यावरच आटपलं. बाइंडरने जाळीकडे पाहिलं, हातातल्या बुकाचा कणा अंगठ्याने दाबला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आणा."

घोडं अडलं ते अर्जापाशी. हा अर्ज चिटणिसांनी रचला होता, आणि चिटणीस हयातभर परीक्षा मंडळात होते, म्हणून अर्ज आठ पानी आणि शंभर गुणांचा होता. पाळीव प्राण्याबाबत आपली स्वप्ने कोणती, गुण दहा. आपला स्वभाव उदाहरणे देऊन स्पष्ट करा, गुण पंधरा. आणि खास दचकीसाठी घातलेला प्रश्न: आपले घर शांत आहे काय? सविस्तर लिहा, किमान दोनशे शब्द, गुण वीस. मौनसाधनेवाल्या गृहस्थांनी या प्रश्नाला पुरवणी जोडली होती. बाइंडरने लिहिलं होतं, "आहे."

बाइंडरला शंभरपैकी अकरा गुण पडले, तेही हस्ताक्षराचे. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी समितीपुढे तासभर तोंडाची वाफ दवडली. ते जितकं बोलले तितकी समिती ताठ झाली, कारण काकांनी एखादी गोष्ट मांडली की ती अडवायची हे त्या पाच जणांचं एकमेव एकमत होतं. शेवटी नियमात एवढीच पळवाट निघाली की नापास अर्जदाराचं घर सगळ्या समितीने प्रत्यक्ष पाहावं.

पाहिलं. पाच सभासद आणि काका, सहा माणसं जिना चढून गेली. वर एकच लांबट खोली, एका बाजूला पुस्तकं दाबायचा शिकंजा, खळीचं पातेलं, पुठ्ठे, आणि चारही भिंतींना कमरेएवढ्या कागदाच्या थप्प्या. त्या थप्प्या आवाज गिळून टाकत. रस्ता खालीच होता, पण खोलीत तो पोचत नव्हता. समिती पाऊण तास खोलीच्या शांततेबद्दल बोलली. एक साधा सभासद म्हणाला की इथे फारच शांत आहे, दुसरा म्हणाला की फारच म्हणजे किती ते ठरवावं लागेल. मग अध्यक्षबाईंनी बाइंडरला विचारलं की कुत्रीवरचं प्रेम तुम्ही कसं व्यक्त करणार.

बाइंडर विचार करू लागला. अंगठ्यावरची वाळलेली खळ तो नखाने काढत होता. एक मिनिट गेलं, मग आणखी एक. अशा शांततेत बसायची त्या पाच जणांना सवय नव्हती. आधी खजिनदार खोकले आणि म्हणाले की लहानपणी आमच्याकडेही एक कुत्रं होतं, मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नाही. मग चिटणीस म्हणाले की खरं सांगायचं तर अर्जातला चौदावा प्रश्न मलाही कळत नाही. शेवटी अध्यक्षबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या की घरी मला कोणी वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून मी इथे अध्यक्ष झाले. बाइंडरने मान डोलावली. कोणी खिसे उलटे करून दाखवायला लावावेत अशा चेहऱ्याने सगळे जिना उतरले, आणि खाली येताच रागावले. घर शांत आहे, चिटणीस म्हणाले, पण तिथे बसवत नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

पुढची बैठक एकोणतीस तारखेला. मोठ्या आवाराची गाडी तीसला सकाळी येणार होती. मधले चार दिवस काकांना अन्न गोड लागलं नाही. बैठकीत काय बोलायचं ते त्यांनी तीनदा लिहून काढलं आणि तीनदा फाडलं. आपण बोललो की हे पाच जण आडवे जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि न बोलता एखादी गोष्ट घडवून आणायची असते हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण त्या खोलीतली दोन मिनिटं त्यांच्या डोक्यातून जाईनात. बाइंडरने बोटसुद्धा हलवलं नव्हतं आणि समिती आपण होऊन उघडी पडली होती.

विषय नववा. अध्यक्षबाईंनी दचकीचा कागद काढला आणि भोंगेकाकांना काय म्हणायचंय ते विचारलं. पाचही जण खुर्चीत सावरून बसले, आडवं जाण्याच्या तयारीने. काका उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं आणि बसले.

काका, बोला, तुमचाच विषय आहे, चिटणीस म्हणाले. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांच्या घशाशी शब्दांची अशी गर्दी झाली होती की गिळताना दुखत होतं. तोंड बंद ठेवायला त्यांनी मनातल्या मनात सकाळी साडेपाचपासूनच्या गाड्या सोडायला घेतल्या. पहिली फलाटावर लागली, सुटली, दुसरी लागली. खोलीत पंखा फिरत होता. आठव्या गाडीला खजिनदारांचा धीर सुटला. ते म्हणाले की अर्ज छोटा आहे हे खरं, पण खोटा आहे असं काही म्हणता येणार नाही. कोणी विरोध केला नाही, म्हणून त्यांना स्वतःलाच पुढे बोलावं लागलं. मग चिटणिसांनी कबूल केलं की आहे या उत्तराला गुण किती द्यावेत हे नियमात नाही. एक साधा सभासद हळूच म्हणाला, त्या घरून आलो त्या दिवशी मला झोप बरी लागली. अध्यक्षबाईंनी पुन्हा काकांकडे पाहिलं. काकांची अकरावी गाडी सुटत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मग नाही कशाला म्हणायचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

चाळीस वर्षांत प्रथमच समिती गप्प बसली, आणि ते एकमत धरून ठराव मंजूर झाला. अर्थात समितीच ती. शेपूट जोडल्याशिवाय ठराव तिच्या हातून सुटत नसे. दर सोमवारी प्रतिनिधीने त्या घरी जावं, अर्धा तास मनमोकळा संवाद साधावा आणि दोनशे शब्दांचा अहवाल द्यावा. प्रतिनिधी म्हणून भोंगेकाकांना नेमलं, कारण संवादाला त्यांच्यासारखा माणूस नाही, असं अध्यक्षबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडर चालत आला. जाळीचं दार उघडून तो बाहेर जमिनीवर बसला आणि खिशातून दोरा काढून त्याला मेण लावत राहिला. दचकी बाहेर यायला तीन तास लागले. मोठ्या आवाराची गाडी येऊन दुसरी चार कुत्री घेऊन गेलीसुद्धा. काका तेवढा सगळा वेळ फाटकामागे रुमाल तोंडात धरून उभे होते. ती बाइंडरच्या मागून, त्याच्या पायजम्याला जवळजवळ चिकटून, फाटकातून बाहेर पडली. काकांच्या पुढून जाताना तिने चाल वाढवली.

पहिल्या सोमवारी काका जिना चढून गेले, दारावर टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. आतून काही ऐकू येत नव्हतं. वर्षभर भिंतीला चिकटलेली कुत्री आता कुठे भिंतीपासून सुटली असेल, आणि आपण आत जाऊन मनमोकळा संवाद साधणार. काका जिन्यातच पायरीवर बसले, गुडघ्यावर कागद ठेवला, आणि कुत्री खुशीत आढळली, संवाद झाला, असं दोनशे शब्दांत लिहून परत आले. आयुष्यात त्यांनी खोटी गाडी कधी पुकारली नव्हती. हा अहवाल मात्र त्यांनी ठणठणीत खोटा लिहिला, आणि त्यांना त्याची काडीचीही लाज वाटली नाही. समितीने तो वाचून दाखवला आणि नमुना म्हणून फायलीला लावला.

दुसरा सोमवारही पायरीवर गेला. तिसऱ्या सोमवारी मात्र काका शब्द मोजत असतानाच दार उघडलं. बाइंडर खळीचं पीठ आणायला निघाला होता. पायरीवर बसलेल्या काकांना पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्याने दार तसंच धरून ठेवलं, आणि काका आत जात नाहीत असं पाहून म्हणाला, "या. मी नसताना तिला कोणीतरी असलेलं बरं."

काकांनी चपला जिन्यात काढल्या. आत जाऊन ते कागदाच्या एका थप्पीवर टेकले. दार लागलं, बाइंडरची पावलं जिन्यात विरली. दचकी कामाच्या बाकाखाली होती. तिने डोकं उचललं आणि मुडपलेला कान तसाच ठेवून काकांकडे पाहिलं. काका पुतळ्यासारखे बसले. पुष्कळ वेळ गेला. मग ती उठली, पोट जमिनीलगत ठेवून जवळ आली, आधी त्यांच्या पायाचा अंगठा हुंगला, मग पायजमा, मग गुडघ्यावरचा हात. कुत्र्याला माणूस वासावरून कळतो, तेव्हा तिने ओळखलं नसेल असं म्हणायची सोय नव्हती. वर्षभर ज्या आवाजाने आपलं जेवण तोडलं तो आवाज याच माणसाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती हुंगत राहिली आणि मग त्यांच्या पायाशी बसली.

काकांना तिला केवढं काही सांगायचं होतं. चौदा घरं, अकरा गुण, ती बैठक, आणि मुख्य म्हणजे तुला भिववायचं माझ्या मनात कधी नव्हतं गं, एवढं तरी. त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते परत घेतलं.

तेवढ्यात खालच्या घरात कोणाच्या तरी हातून पत्र्याचा डबा पडला. दणका जमिनीतून थेट खोलीत आला. दचकी ताडकन उठली, सगळं अंग थरथरायला लागलं, आणि ती पळाली. बाकाकडे नाही, भिंतीकडे नाही. तिने काकांच्या दोन गुडघ्यांमध्ये डोकं खुपसलं आणि तिथेच दडून राहिली. तिच्या छातीतली धडधड काकांच्या पोटरीला लागत होती. काही नाही गं, असं कोणीही माणूस अशा वेळी म्हणतो. काकांनी म्हटलं नाही. त्यांनी फक्त हात खाली आणला, त्या मुडपलेल्या कानावर ठेवला, आणि बाइंडर परत येईपर्यंत, पायाला मुंग्या आल्या तरी, जागचे हलले नाहीत.